मारुतीच्या कुठवर पाणी? जहाजे मोठी का होतात आणि लहान जहाजे भंगारात का निघतात

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची पातळी मीटरमध्ये विचारत नाहीत. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आले, एवढेच विचारतात. गुडघ्याशी आले तर घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, कमरेच्या वर गेले तर सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांनी माल वरच्या मजल्यावर चढवायचा, आणि गळ्याशी पोचले की पुढचे काही विचारायचेच नाही. जहाजांच्या अंगावरही असाच एक मारुती असतो. प्रत्येक मोठ्या जहाजाच्या पुढच्या टोकाला, मागे आणि मध्यभागी उभ्या रांगेत आकडे रंगवलेले असतात, आणि पाणी कोणत्या आकड्याला टेकले आहे ते पाहून जहाजाचे बूड किती खोल आहे हे कळते. या खोलीला ड्राफ्ट म्हणतात. इंधन भरले, पाण्याच्या टाक्या भरल्या की आकडे बुडतात. टाक्या रिकाम्या झाल्या की पुन्हा वर येतात.

आजच्या प्रवासी जहाजांविषयीची मला सर्वांत चकित करणारी गोष्ट या आकड्यांतच आहे. जानेवारी 2024 मध्ये प्रवासी घेऊन निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज 365 मीटर लांब आहे, त्याला 20 डेक आहेत आणि एका केबिनमध्ये दोघे धरले तरी त्यात 5,610 प्रवासी मावतात. 1912 मध्ये बुडालेले ‘टायटॅनिक’ 269 मीटर लांब होते. तरीही टायटॅनिकचे बूड पाण्याखाली साधारण साडेदहा मीटर होते, आणि आयकॉनचे सव्वानऊ मीटरच्या आसपास आहे. शंभर वर्षांत जहाजे लांब झाली, रुंद झाली, उंच झाली. खोल मात्र झाली नाहीत. जहाज कितीही मोठे बांधले तरी बंदराचा तळ काही त्याच्यासाठी आपोआप खाली जात नाही, आणि जितक्या अधिक बंदरांत शिरता येईल तितकी तिकिटे अधिक खपतात. म्हणून वाढ झाली ती वर आणि बाजूंना.

मोठी जहाजे येत असताना जुनी, लहान जहाजे मोडीत निघत आहेत आणि त्याचे कारण ‘ती म्हातारी झाली’ असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. नीट निगा राखलेला पोलादी सांगाडा तीस वर्षांत निकामी होत नाही. जहाज मोडीत निघते ते बहुतेक वेळा गणितामुळे, आणि त्या गणितातला बराच भाग शुद्ध भूमितीचा आहे.

आधी ‘टन’ या शब्दाचा गोंधळ दूर करायला हवा. आयकॉन ‘दोन लाख अठ्ठेचाळीस हजार टनांचे’ आहे असे वाचले की ते तेवढ्या वजनाचे असावे असे आपल्याला वाटते. हा ग्रॉस टनेज नावाचा आकडा आहे आणि त्याचा वजनाशी संबंध नाही. तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचा आकडा आहे. जहाजांवरचा कर पूर्वी त्यांत दारूची किती पिंपे मावतात यावर ठरत असे आणि पिंपाच्या नावावरूनच हा ‘टन’ आला. 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर घनफळावरून हा आकडा काढण्याचे एकच सूत्र ठरले. ते सूत्र उलटे लावले तर आयकॉनच्या पोटात सुमारे 7 लाख 80 हजार घनमीटर जागा निघते. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली साधारण 28 घनमीटरची असते. म्हणजे अशा सत्तावीस हजारांहून अधिक खोल्या एका सांगाड्यात बसल्या. मुंबईहून सुटणारे आणि नाशिकच्या बऱ्याच मंडळींनी पाहिलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज 48,563 ग्रॉस टनांचे, लांबी 211 मीटर. त्यात अशा साडेपाच हजारांच्या पुढे खोल्या भरतील. हे ‘लहान’ जहाज आपल्या काळात जगातले सर्वांत मोठे ठरलेल्या टायटॅनिकपेक्षा आकड्याने थोडे मोठेच आहे.

एखाद्या पेटीच्या तिन्ही बाजू दुप्पट केल्या तर तिला लागणारा पत्रा चौपट होतो, पण तिच्या आत मावणारा माल आठपट होतो. जहाजबांधणीचे अर्थकारण या एका वाक्यावर उभे आहे. पोलाद, रंग आणि पाण्याशी होणारे घर्षण हे पृष्ठभागाच्या मागे जातात. केबिनी, उपाहारगृहे, दुकाने, म्हणजे ज्यांतून पैसा येतो त्या गोष्टी, घनफळाच्या मागे जातात. कप्तान तर एकच लागतो, प्रवासी दीड हजार असोत वा सात हजार.

त्यात लाटांचा हिशोबही मिळतो. जहाज चालताना स्वतःची लाट स्वतःच उठवते आणि त्या लाटेची लांबी वेगावर ठरते. 22 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 41 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जहाजाची लाट जवळजवळ 82 मीटर लांबीची असते. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर स्पीडबोट निघताना तिचे नाक वर उचलले जाते, ते अनेकांनी पाहिले असेल. ती बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकलेली असते आणि इंजिनाचा बराच जोर त्या चढावर खर्च होतो. जहाजाची लांबी लाटेएवढीच असेल तर त्याचीही हीच गत होते. 211 मीटरच्या जहाजाखाली त्या वेगाला अडीच लाटा मावतात, 365 मीटरच्या जहाजाखाली चारांहून अधिक, आणि चढाचा प्रश्न उरत नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने टाकीत लहान प्रतिकृती ओढून हा नियम बसवला. अर्थात दोनशे मीटरच्या पुढे लाटांमधून होणारी बचत हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे मोठ्या जहाजांचे सगळे श्रेय लाटांना देता येणार नाही.

भूमिती फुकट काही देत नाही. घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते, याचाच अर्थ असा की जहाज जसे मोठे होते तसे त्याच्या पोटात खिडकी नसलेली जागा अधिक उरते. प्रवासी मात्र समुद्र पाहायला आलेला असतो आणि बाल्कनीच्या केबिनला आतल्या केबिनपेक्षा बरेच जास्त पैसे मोजतो. या अडचणीवर जहाजबांधणाऱ्यांनी काढलेला तोडगा जुन्या नाशिकच्या माणसाला ओळखीचा वाटेल, कारण तो वाड्याचा तोडगा आहे. वाड्याच्या चारी बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्या तरी मधल्या चौकातून माजघरापर्यंत उजेड पोचतो. 2009 मध्ये आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’ या जहाजात वरचा सगळा भाग लांबीच्या दिशेने मधोमध चिरला आणि आकाशाला उघडा असा चौक काढला. त्या चौकात खरी झाडे लावली आणि आतल्या केबिनींना त्या बाजूने बाल्कन्या दिल्या. एवढी रुंदी असल्याशिवाय चौक काढता येत नाही. तीस मीटर रुंदीच्या जुन्या जहाजात तो बसवायचा तर केबिनीच उरणार नाहीत. जुन्या जहाजांची कोंडी झाली ती इथे. त्यांना बाल्कन्या मोजक्या असतात आणि नंतर जोडायच्या म्हटले तर वरचे वजन वाढते.

वरचे वजन वाढले तर काय होते, हे समजायला परात आणि तांब्या पुरेसे आहेत. भरल्या हौदात रिकामी परात सोडली तर ती सहसा कलंडत नाही. तांब्या लगेच आडवा होतो. जहाजाला पुन्हा सरळ करणारा गुणधर्म पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे रुंदी दीडपट केली तर तो सव्वातीनपटीहून अधिक होतो. आयकॉनसारखे वीस डेकांचे जहाज डोलारा वाटले तरी ते परातीच्या जातीचे आहे. इंजिने, इंधन आणि पाणी तळाशी असते आणि वर बव्हंशी हवा. स्थिरता फार वाढली तरी चालत नाही, कारण मग जहाज इतक्या झटक्यात सरळ होते की प्रवाशांच्या हातातले पेले सांडतात. अभियंत्याला मधला मार्ग शोधावा लागतो. लांबीलाही मर्यादा आहे: जहाज दोन लाटांवर टेकून मधे अधांतरी राहिले, किंवा मधेच एका लाटेवर उचलले गेले, की सांगाडा वाकू पाहतो, आणि सगळी मापे त्याच प्रमाणात वाढवली तर हा ताण लांबीबरोबर वाढत जातो. तेवढे पोलाद जाड करावे लागते.

पूर्वी रुंदीला पनामा कालव्याची वेसण होती. जहाज वर-खाली करण्यासाठी दारे लावून पाणी भरायच्या त्याच्या जुन्या कुंडांतून साधारण 32 मीटरपर्यंतच रुंद जहाज जाऊ शके, म्हणून 1980 आणि 1990 च्या दशकांतली कितीतरी जहाजे त्याच मापाची आहेत. 2016 मध्ये रुंद कुंडे सुरू झाली, पण त्याच्या आधीच क्रूझ कंपन्यांनी कालव्याचा नाद सोडून कॅरिबियन समुद्रात फिरण्यापुरती जहाजे बांधायला घेतली होती. पुलांचा प्रश्न मात्र राहिला. ओएसिस फिनलंडहून बाहेर पडताना डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून गेले ते धुराडी आत ओढून घेऊन.

नियमांनीही लहानांचे आयुष्य कमी केले. समुद्रातील सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या तरतुदींनुसार ऑक्टोबर 2010 पासून प्रवासी जहाजांत ज्वालाग्राही बांधकाम साहित्य चालेनासे झाले आणि लाकडी कामाने सजलेली कितीतरी जुनी देखणी जहाजे त्या एका तारखेने संपली. 2020 पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. 2023 पासून जहाजांच्या कार्बन उत्सर्जनाला श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली, आणि तिच्यात एक गमतीचा भाग आहे: क्रूझ जहाजाचे उत्सर्जन प्रवाशांच्या संख्येने भागत नाहीत, ग्रॉस टनेज आणि कापलेले अंतर यांच्या गुणाकाराने भागतात. म्हणजे रिकाम्या दिवाणखान्याची हवासुद्धा जहाजाच्या बाजूने मोजली जाते. मोठे जहाज पर्यावरणाला सोयीचे, या दाव्याकडे मी जरा सावधपणे पाहतो. भूमितीने जी बचत दिली ती घसरगुंड्या, बर्फाचे रिंगण आणि अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रणा यांवर पुन्हा खर्च होते. बरीच नवी जहाजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात, त्यांचा धूर स्वच्छ असतो हे खरे, पण इंजिनांतून न जळता निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो.

2020 च्या महामारीत हा सगळा हिशोब एकदम समोर आला. उभ्या जहाजालाही वीज, खलाशी आणि विमा लागतोच, त्यामुळे कंपन्यांनी कमी कमावणारी जहाजे आधी काढली. 1990 साली सेवेत आलेल्या तीन जहाजांची कहाणी एकत्र वाचण्याजोगी आहे. फिनलंडमध्ये बांधलेले, 70 हजार टनांचे ‘कार्निव्हल फँटसी’ तुर्कस्तानातल्या अलियागाच्या किनाऱ्यावर 2020 मध्येच तोडायला गेले. इटलीत बांधलेले ‘क्राउन प्रिन्सेस’, ज्याचा माथा रेन्झो पियानो या वास्तुरचनाकाराने डॉल्फिनच्या पाठीसारखा घडवला होता, 2019 मध्ये ‘कर्णिका’ या नावाने मुंबईत आले. त्यातून फिरून आलेल्यांचे फोटो आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले असतील. दुसऱ्या वर्षी ते चालवणारी कंपनी बंद पडली आणि कर्णिका गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेले. तिसरे फ्रान्समध्ये बांधलेले ‘नॉर्डिक एम्प्रेस’. तिघांत ते सर्वांत लहान होते, आणि तेच टिकले: 2021 पासून मुंबईच्या धक्क्यावरून सुटणारे एम्प्रेस ते हेच. भूमितीच्या हिशोबाने जायला हवे होते ते आधी, पण दोन-तीन रात्रींच्या सहलींच्या बाजारात पाच हजार प्रवासी दर आठवड्याला कोण आणणार? लहान जहाज तिथे तगते जिथे गिऱ्हाईक थोडे असते किंवा पाणी उथळ असते. व्हेनिसने 2021 मध्ये 25 हजार टनांवरील जहाजांना ज्युडेका कालव्यात बंदी घातली, तेव्हा तिथेही लहानांचीच सोय झाली.

अलंगची निवडही पाण्याच्या पातळीमुळेच झाली आहे. खंबातच्या आखातात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सर्वांत जास्त. तोडायच्या जहाजातले पाणी आणि उरलेले इंधन आधी शक्य तितके काढून घेतात, त्यामुळे बूड हलके होऊन पुढचे आकडे वर येतात. मग उधाणाची वेळ धरून इंजिने जोरात चालवतात आणि जहाज सरळ किनाऱ्यावर घुसवतात. काही तासांनी पाणी मागे सरते. नाळेवरचे आकडे, जे एरवी फक्त दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत पूर्ण बाहेर येत, शेवटच्या आकड्यापर्यंत चिखलावर कोरडे उभे राहतात, आणि मग गॅसकटर घेतलेले कामगार पुढच्या टोकापासूनच कापायला सुरुवात करतात.