मुलांवर लक्ष ठेवणं वेगळं, त्यांच्या मनावर ताबा ठेवणं वेगळं

अकरावी-बारावीत नागपुरातल्या पुष्कळ घरांचा दिवस क्लासच्या वेळेवर चालतो. नीट नाहीतर जेईई, आणि पोरं रात्री घरी. या वयात आई-बाबांनी लक्ष ठेवायलाच हवं. पण लक्ष ठेवता ठेवता मुलांच्या मनावर ताबा कधी सुरू झाला, हे बहुतेक घरांत कळतच नाही, कारण दोन्ही काळजीपोटीच होतात. मुलांच्या मनावरचा परिणाम मात्र अगदी वेगळा असतो.

समजा क्लास साडेआठला सुटला, पोरगा मित्रांसोबत फुटाळा तलावावर रेंगाळला आणि दहाला घरी आला. एका घरात बाबा म्हणतात, "साडेनऊ ठरले होते. उशीर होणार असेल तर फोन करायचा, हेही ठरलं होतं. आता या शनिवारी बाहेर जाणं बंद." रविवारी विषय संपलेला असतो. दुसऱ्या घरात आई म्हणते, "तुझ्यापायी माझं बीपी वाढते. बाजूच्याचा पोरगा बघ, अन् तू बघ." मग दोन दिवस अबोला.

पहिल्या घरात चूक वागण्याची आहे, तिची शिक्षा ठरलेली आहे आणि ती संपते. दुसऱ्या घरात पोरगाच चुकीचा ठरतो. काय केलं म्हणजे यातून सुटका होईल, हे त्याला कळायला मार्ग नाही. मग तो आईच्या चेहऱ्याचा अंदाज घेत वावरायला लागतो, टेस्टमध्ये मार्क कमी पडले की ते लपवतो, आणि 'मीच वाईट' हे हळूहळू त्याला खरं वाटू लागतं. चिंता आणि नैराश्य इथून वाढीला लागू शकतं.

हा फरक अमेरिकी संशोधक ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये नेमका मांडला. अपराधीपणा लादणं, माया आखडती घेणं, भावना खोट्या ठरवणं या ताब्याचा संबंध मुख्यतः नैराश्याशी दिसतो. तर वागण्यावर काहीच नियम नसणं मुख्यतः उनाडक्या आणि नियम मोडण्याशी जोडलेलं दिसतं. म्हणून ताबा सोडायचा म्हणजे नियमही सोडायचे, असा अर्थ कोणी काढू नये. आणि सगळा दोष आई-बाबांच्या माथी मारणंही बरोबर नाही. आधीच खचलेलं, चिडचिडं मूल पाहून घाबरलेले पालक जास्त आवळतात. चक्र दोन्हीकडून फिरतं.

नियम करताना तो मुलासोबत बसून, आधीच ठरवा. चूक झाल्यावर रागाच्या भरात नाही. एका वेळी तीन-चार नियम पुरेत: घरी यायची वेळ, उशिराचा फोन, झोप, मोबाइल. प्रत्येकाचं कारण सांगा. शिक्षा छोटी आणि तारीख असलेली हवी. 'आता मोबाइल कायमचा बंद' हे चार दिवसांत मोडतं, आणि मग पुढचा कुठलाच नियम टिकत नाही. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, म्हणून रात्री साडेदहाला मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावणं हा योग्य नियम आहे. आई-बाबांचे मोबाइलही तिथेच ठेवले तर तो टिकतो.

खरी गफलत चोरून चॅट वाचण्यात होते. पालकांना वाटतं, हे लक्ष ठेवणंच. पण स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवर केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते पाळतीपेक्षा मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त असतं. चॅट वाचल्याचं कळलं की सांगणंच बंद होतं. म्हणजे पाळत वाढते आणि माहिती घटते. पोरगी काही सांगू लागली तर पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. "एवढ्यासाठी रडते काय?" म्हटलं की पुढच्या वेळी ती सांगत नाही. जिवाला धोका वाटत असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा मोबाइल बघा, पण तिला सांगून बघा.

काही वेळा पालकत्व सुधारून भागत नाही. दोन आठवडे रोज उदास किंवा चिडलेलं असणं, झोप-जेवण बिघडणं, आवडीचं सगळं सोडून देणं असं दिसलं तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फवारणीची कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत, चोवीस तास असते, आणि मराठीत बोलता येतं.