परदेशात कोणतं कार्ड न्यावं आणि मशीनवर कोणतं बटण दाबावं

तिकिटं हातात पडली की आमच्यामार्फत सहल ठरवणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “तिकडे खर्चायला सगळ्यात स्वस्त कार्ड कोणतं?” त्याचं उत्तर आम्ही एका नावात देत नाही, म्हणून काही जण नाराज होतात. पण तुमचा खर्च कसा होणार हे माहीत नसताना कार्डाचं नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे सल्ला देणं, आणि ते आम्हाला पटत नाही.

हिशोबच बघा. परदेशी चलनातल्या खर्चावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो आणि त्यावर तुमची बँक आपला मार्कअप, म्हणजे वरचे जादा टक्के, चढवते. तो शून्यापासून साडेतीन टक्क्यांपर्यंत सर्रास दिसतो. समजा, एका कार्डाचा मार्कअप ३.५ टक्के आहे आणि वार्षिक शुल्क नाही. दुसऱ्याचा मार्कअप १ टक्का, पण वर्षाचं शुल्क ४० युरोंइतकं. २,००० युरो खर्च करणाऱ्याचे पहिल्या कार्डावर ७० युरो जातात, दुसऱ्यावर ६०. हजारच युरो खर्च करणाऱ्याचे मात्र ३५ आणि ५०. एकाच गटातल्या दोघांना दोन वेगळी कार्डं स्वस्त पडतात ती अशी. जाहिरातीत ‘शून्य मार्कअप’ मोठ्या अक्षरांत असतं. वार्षिक शुल्क आणि एटीएमचं शुल्क शोधावं लागतं.

हे सगळं नीट जुळवून, चांगलं कार्ड घेऊन गेलेली मंडळी परत येतात आणि विचारतात, “तुम्ही तर स्वस्त म्हणाला होतात, मग एवढे पैसे कसे कापले?” पावती बघितली की कारण बहुतेक वेळा एकच निघतं. मशीनने विचारलं होतं, पैसे इथल्या चलनात द्यायचे की तुमच्या चलनात, आणि यांनी आपल्या चलनाचं बटण दाबलं होतं.

ते बटण दाबलंत की तुमच्या कार्डाचा दर बाजूला पडतो. रूपांतर दुकानदाराची बँक किंवा एटीएम चालवणारी कंपनी करते, तिच्या दराने. त्या दरात चार-पाच टक्के जास्त असणं नेहमीचं, काही एटीएमवर दहाच्याही वर जातात. शून्य मार्कअपचं कार्ड त्या क्षणी निरुपयोगी ठरतं. वर काही बँका, रक्कम आपल्याच चलनात असली तरी दुकान परदेशात म्हणून वेगळं शुल्क लावतात. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून बोट तिकडे जातं. हे आम्ही समजू शकतो. तरीही नियम एकच: जिथे उभे आहात तिथलं चलन निवडा. फ्रान्समध्ये युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, जपानमध्ये येन.

एटीएमवर जास्त सावध राहा. तिथे ‘विथ कन्व्हर्जन’चं बटण ठळक रंगात असतं आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन’ कोपऱ्यात. ‘डिक्लाइन’ दाबलं तर पैसेच येणार नाहीत असं वाटून लोक घाबरतात. तसं होत नाही. नाकारलं जातं ते फक्त रूपांतर. पैसे येतात आणि दर तुमच्या कार्डाचा लागतो.

दुकानात कधी न विचारताच दुकानदार तुमचं चलन निवडून टाकतो. म्हणून पिन टाकण्याआधी मशीनवरचं चलन वाचा. चुकीचं असेल तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. परत आल्यावर आम्ही बँकेकडे अर्ज करायला मदत करतो, पण पावतीवर ‘मला पर्याय दिला होता आणि मी तो स्वीकारला’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. त्यावर तुमची संमती दिसली की पैसे परत मिळणं अवघड. पत्रव्यवहारात तुमचे आणि आमचेही कित्येक दिवस जातात. परदेशी संकेतस्थळावर हॉटेल बुक करतानाही चलनाचा हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच: हॉटेल जिथे आहे तिथलं चलन.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रोख रक्कम क्रेडिट कार्डाने काढू नका. शुल्क लागतंच, शिवाय बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. रोखीसाठी डेबिट किंवा प्रीपेड (आधी पैसे भरून ठेवायचं) कार्ड ठेवा. दर वेळी ५ युरो शुल्क असेल तर ५० युरो काढणाऱ्याला ते दहा टक्के पडतं, ३०० काढणाऱ्याला दोनाच्याही आत. हॉटेलची आणि भाड्याच्या गाडीची अनामत मात्र क्रेडिट कार्डावरच द्या. डेबिट कार्डावर ती तुमच्या खात्यातलेच पैसे अडकवून ठेवते आणि सुटायला बरेच दिवस लागू शकतात.

प्रीपेड कार्ड घेणाऱ्यांनी मार्गावरच्या प्रत्येक देशाचं चलन तपासावं. ‘युरोप म्हणजे युरो’ धरून लोक सगळे पैसे युरोत भरतात; मग स्वित्झर्लंड, चेकिया, हंगेरीत त्याच कार्डावर पुन्हा रूपांतर होतं आणि त्याचं शुल्क बसतं. उरलेली रक्कम परत घेतानाही थोडी कात्री लागते, म्हणून अंदाजापेक्षा जास्त भरू नका.

आणि एकाच कार्डावर विसंबून जाऊ नका. दोन कार्डं न्या, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची, आणि दोन वेगळ्या खिशांत ठेवा. दोन्हींवरचा परदेशी वापर निघण्याआधी ॲपमधून चालू करा.

आम्ही कोणत्याही बँकेकडून दलाली घेत नाही, त्यामुळे अमुकच कार्ड तुमच्या गळ्यात मारण्याचं आम्हाला कारण नाही. अनेकदा घरात आधीपासून असलेलं कार्डच पुरेसं ठरतं आणि तसं आम्ही स्पष्ट सांगतो. आमच्यामार्फत सहल ठरवणाऱ्यांना हा हिशोब विनामूल्य करून देतो. येताना घरातल्या सगळ्या कार्डांची शुल्कपत्रकं, मार्गावरच्या देशांची यादी आणि रोख किती, कार्डावर किती याचा ढोबळ अंदाज आणा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात येऊ नका. नवं कार्ड घ्यायचं ठरलं तर ते हातात यायला वेळ लागतो.