घरच्या पडद्यावर जुने इटालियन भयपट : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रोजेक्टर बसला, वायरी भिंतीत गेल्या, पडदा ताणून लागला, की जवळपास प्रत्येक घरात एकच प्रश्न येतो : "आता पहिलं काय लावायचं?" लोकांची अपेक्षा असते की आम्ही मोटारींच्या पाठलागाचा एखादा नवाकोरा चित्रपट सांगू. आम्ही दारिओ आर्जेंतो यांचा १९७७ सालचा 'सुस्पीरिया' लावतो. सुरुवातीची पाच मिनिटं पुरतात. एक तरुण मुलगी विमानतळाच्या बाहेर पडायला निघाली आहे. समोरचं काचेचं दार आपोआप उघडतं आणि बाहेरच्या वादळासोबत 'गॉब्लिन' या बँडचं संगीत आत शिरतं. दार मिटतं, संगीत थांबतं. दार पुन्हा उघडतं, पुन्हा तेच सूर. अजून कोणी मेलेलं नाही, कोणी किंचाळलेलंही नाही, पण सोफ्यावरच्या माणसांनी पाय वर घेतलेले असतात.

नंतर बरेच ग्राहक फोन करून विचारतात की असं आणखी काय आहे आणि ते कसं बघायचं. त्यांच्यासाठी हे पत्रक.

सोबतचे दोन कागद

पत्रकासोबत जिलेटिन कागदाचे दोन तुकडे आहेत, एक लाल, एक हिरवा. पांढऱ्या कागदावर लाल पेनाने एक रेघ ओढा. लाल तुकड्यातून बघितलं तर रेघ जवळजवळ दिसेनाशी होते. हिरव्यातून बघितलं तर तीच रेघ काळी होऊन समोर येते.

१९५७ सालच्या 'ई वाम्पीरी' या चित्रपटात एक सुंदर स्त्री कॅमेऱ्यासमोर उभ्या उभ्या म्हातारी होते. मध्ये कट नाही. अभिनेत्री जान्ना मारिया कानाले यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवलेल्या होत्या, फक्त दिव्याच्या रंगात लपलेल्या. दिव्याचा रंग बदलत नेला तशा त्या वर येत गेल्या, आणि फिल्म कृष्णधवल असल्याने रंग बदलल्याचं प्रेक्षकाला कळलंच नाही. ही करामत कॅमेरामन मारिओ बावा यांची. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा चित्रीकरण अर्धवट सोडून गेले तेव्हा उरलेला चित्रपटही बावांनीच पुरा केला. वडील एउजेनिओ शिल्पकार होते, मूकपटांच्या काळापासून चित्रपटांसाठी कॅमेऱ्याच्या आणि देखाव्याच्या करामती करत होते. मुलगा हे सगळं घरातच शिकला.

हे चित्रपट इतकी वर्षं का टिकले, याचं आमच्या मते खरं उत्तर या दोन कागदांत आहे. गोष्ट पुष्कळदा विस्कळीत असते, संवाद बाळबोध असतात, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण भीती गोष्टीत ठेवलेलीच नव्हती. ती उजेडात, रंगात आणि आवाजात ठेवलेली होती, आणि या गोष्टी जुन्या होत नाहीत.

कुठून सुरुवात करावी

आधी बावांचा १९६० सालचा 'ला मास्केरा देल देमोनिओ'. इंग्रजीत तो 'ब्लॅक संडे' नावाने मिळेल. निकोलाय गोगोल यांच्या एका कथेचा त्याला धागा आहे. सुरुवातीलाच एका चेटकिणीच्या चेहऱ्यावर आतून खिळे असलेला मुखवटा हातोड्याने ठोकतात. हे दृश्य इतकं जबर होतं की ब्रिटनमध्ये चित्रपटावर कित्येक वर्षं बंदी होती. पण आम्हाला आवडतं ते पुढचं, शांत दृश्य. रात्री एक लहान मुलगी गाईचं दूध काढायला गोठ्यात निघते. गोठा दफनभूमीला लागून. ती दूध काढत असताना पलीकडे चिखल हलू लागतो आणि त्यातून हात वर येतो. बार्बरा स्टील या इंग्रज अभिनेत्रीची यात दुहेरी भूमिका आहे, चेटकीण आणि तिच्या वंशातली तरुणी. तिचे डोळे एकदा पाहिले की विसरणं कठीण.

दुसरा १९६३ सालचा. इटालियन नावाचा अर्थ 'भीतीचे तीन चेहरे', इंग्रजी नाव 'ब्लॅक सॅबथ'. इंग्लंडच्या त्या प्रसिद्ध बँडने आपलं नाव इथूनच घेतलं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे सवय नसलेल्यांना हा सोपा जातो. मधल्या गोष्टीतला पिशाच्च ज्यांच्यावर प्रेम होतं त्यांचंच रक्त पितो. आजोबांच्या भूमिकेत बोरिस कार्लॉफ आहेत. पुरलेलं मूल रात्री दाराशी येऊन रडतं, "आई, थंडी वाजते," आणि आई दार उघडायला धावते, आड येणाऱ्या नवऱ्यावर सुरी चालवून. रात्री बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं आपल्याकडे ज्या घरांत सांगायचे, तिथल्या माणसांना हे दृश्य समजावून द्यावं लागत नाही.

तिसऱ्या गोष्टीचं नाव 'पाण्याचा थेंब'. एक परिचारिका मृत बाईच्या बोटातली अंगठी काढून घेते. घरी आल्यावर कुठेतरी थेंब पडायला लागतो. ती नळ घट्ट करते, तरी थेंब पडतोच. खिडकीतून आत येणारा रस्त्यावरचा उजेड सारखा उघडमीट करत राहतो. त्या मृत बाईचा चेहरा मेणाचा आहे, बावांच्या वडिलांनी घडवलेला. बघायला बसण्याआधी घरातले गळके नळ खरोखरच बंद करा. नाहीतर थेंब कुठला ते कळत नाही आणि दृश्याचा परिणाम जातो.

तिसरा 'ओपेराझिओने पाउरा', १९६६. एका लहान मुलीचं भूत आणि तिचा पांढरा चेंडू, एवढ्यावर सगळं उभं आहे. मुलीचं काम एका मुलाने केलं आहे, आणि त्या चेहऱ्यात काहीतरी खटकतं ते बहुधा म्हणूनच. यातल्या एका दृश्यात नायक पुढे पळणाऱ्या माणसामागे धावतो आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, पण प्रत्येक वेळी खोली तीच असते. शेवटी तो पुढच्याला गाठतो, खांद्याला धरून वळवतो, आणि समोर तो स्वतःच असतो. संगणकाचा मागमूस नाही, फक्त कात्री आणि एक खोली.

मग 'सुस्पीरिया' सबंध. जर्मनीतल्या फ्रायबुर्गची नृत्यशाळा आणि तिच्या आडच्या चेटकिणी. छायालेखक लुचिआनो तोवोली यांनी प्रखर दिव्यांपुढे रंगीत कापडाच्या चौकटी धरून नटांच्या चेहऱ्यांवर निव्वळ लाल, निव्वळ हिरवा उजेड सोडला, आणि प्रिंट टेक्निकलरच्या जुन्या, रंग चढवण्याच्या पद्धतीने काढल्या. दारांच्या मुठी जरा वर लावलेल्या आहेत. आर्जेंतोंना मुळात लहान मुली घ्यायच्या होत्या. ते जमलं नाही, तेव्हा मोठ्या मुलीच दारासमोर लहान दिसतील अशी ही सोय. बघताना लक्षात येत नाही, पण मनाला कुठेतरी ते जाणवत राहतं. याच्या पुढच्या 'इन्फेर्नो'त, १९८० साली, पाण्याखाली बुडालेल्या दिवाणखान्याचं दृश्य आहे. त्या चित्रपटाच्या करामतींना हात लावला होता तो आपल्या बावांनीच. त्याच वर्षी ते गेले.

लुचिओ फुल्ची यांचा १९८१ सालचा 'लाल्दिला', म्हणजे परलोक, आम्ही मागितल्याशिवाय सुचवत नाही. शेवटचं राखाडी, क्षितिज नसलेलं दृश्य फार मोठं आहे, पण तिथवर पोचताना फुटलेले डोळे आणि मांस खाणारे कोळी सोसावे लागतात. लहान मुलं घरात जागी असतील तर हा नको, 'सुस्पीरिया'ही नको.

"आवाज पुढे-मागे होतोय"

एका ग्राहकाचा रात्री साडेदहाला फोन आला. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, स्पीकर बिघडलेत. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं तपासलं, यंत्र ठणठणीत होतं. इटलीत त्या काळी संवाद बहुतेक नंतर स्टुडिओत भरत. सेटवर एक नट इंग्रजी बोले, दुसरा इटालियन, तिसरा आणखी काही. 'ला मास्केरा'त बार्बरा स्टीलचा स्वतःचा आवाज नाहीच. तेव्हा कृपया आवाजाची वेळ मागे-पुढे करणारी सेटिंग हलवू नका, बाकीचे चित्रपट बिघडतील.

भाषा कोणती निवडावी? बावांसाठी इटालियन आणि खाली इंग्रजी अक्षरं. 'सुस्पीरिया' इंग्रजीत चालेल, नायिका जेसिका हार्पर तिथे स्वतःच्या आवाजात आहे. 'ब्लॅक सॅबथ'ची मात्र अमेरिकी आवृत्ती वेगळीच आहे. गोष्टींचा क्रम बदललेला, संगीत बदललेलं, टेलिफोनच्या गोष्टीत मुळात नसलेलं भूत घातलेलं. कार्लॉफचा खरा आवाज तिथेच ऐकू येतो, हे खरं. पण इटालियन आवृत्तीचा शेवट तिथे नाही. घोड्यावरून दौडणाऱ्या कार्लॉफपासून कॅमेरा मागे येतो आणि दिसतं की घोडा खोटा आहे, आणि माणसं हातात झाडाच्या फांद्या घेऊन त्याच्याभोवती गोल धावत आहेत. आम्ही इटालियनच घ्यायला सांगू.

बावांचे हे चित्रपट एकाच ट्रॅकचे आहेत, त्यामुळे मागचे स्पीकर गप्प राहतील. तो दोष नाही. सगळ्या स्पीकरांतून आवाज पसरवणारं बटण दाबू नका.

खोली आणि चित्र

चित्र भडक करणारा 'व्हिव्हिड' मोड बंद, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' चालू. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद. ती चालू राहिली तर दफनभूमी मालिकेच्या सेटसारखी दिसते. 'सुस्पीरिया'च्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्या घालवायला झूम करू नका, चित्राच्या कडा कापल्या जातात.

सगळ्यात महत्त्वाचा अंधार. पांढऱ्या भिंती पडद्याचाच उजेड परत पडद्यावर टाकतात आणि काळ्याचा राखाडी होतो. मग गोठ्यामागचा तो चिखल हललेला दिसतच नाही. बाजूच्या भिंतींवर गडद पडदे ओढा, सेट-टॉप बॉक्सच्या दिव्यावर चिकटपट्टी लावा, देवघरातला दिवा दिसत असेल तर दार लोटून घ्या. एवढं करूनही काळा काळा दिसत नसेल तर आम्हाला बोलवा. बसवल्यापासून वर्षभर ही जुळवणी आम्ही मोफत करतो, आणि येताना 'ला मास्केरा'तला तोच गोठ्याचा प्रसंग तपासणीसाठी सोबत आणतो.