जुनी इमेज कधी पुसायची? कॅटॅलिस्ट स्विचच्या अपग्रेडची पार्श्वभूमी

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० या नेटवर्क स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आज नवं सॉफ्टवेअर, म्हणजे ‘इमेज’ नावाची फाइल, चढवायचं तर तीन कमांड लागतात: इन्स्टॉल अ‍ॅड, इन्स्टॉल अ‍ॅक्टिव्हेट, इन्स्टॉल कमिट. एका कामाचे तीन तुकडे का केले, याचं उत्तर फ्लॅश मेमरी (वीज गेली तरी टिकणारी साठवण) मेगाबाइटमध्ये मोजायच्या दिवसांत सापडतं.

सिस्को मुळात राउटरवाली कंपनी. स्विच आले ते १९९३ मध्ये क्रेसेंडो आणि १९९४ मध्ये कल्पना या कंपन्या विकत घेतल्यावर. क्रेसेंडोकडून आलेल्या स्विचवर कॅटओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम चाले, राउटरवर आयओएस. (अ‍ॅपलने फोनसाठी हेच नाव २०१० मध्ये सिस्कोकडून परवान्यावर घेतलं.) त्यामुळे ६५०० मालिकेच्या कित्येक चासींमध्ये (कार्डं खोचायच्या मोठ्या पेट्या) सुपरवायझर या मुख्य नियंत्रक कार्डावर कॅटओएस आणि राउटिंगच्या कार्डावर आयओएस, अशी दोन सॉफ्टवेअरं नांदत. अपग्रेडही दोन.

राउटरकडे आणखी एक अडचण होती. २५०० मालिकेत आयओएस थेट फ्लॅशमधूनच चाले, म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची. आधी रॉममधल्या छोट्या इमेजवर बूट करायचं, मग फ्लॅश लिहायची. पुढे इमेज रॅममध्ये उलगडून चालवायची पद्धत रुळली. जुन्या फाइलच्या नावातलं ‘एमझेड’ तेच सांगतं: एम म्हणजे रॅममधून चालणारी, झेड म्हणजे झिप केलेली. चालू स्विचची फ्लॅश पुसली तरी स्विच चालतच राहतो तो यामुळे. खरा धोका पुढच्या रीलोडला, म्हणजे रीस्टार्टला.

कॅटॅलिस्ट २९५० ला फ्लॅश होती फक्त ८ एमबी. इमेज आणि तिच्यासोबतची वेब पानं मावली की दुसऱ्या संचाला जागा उरत नसे. म्हणून ‘आर्काइव्ह डाउनलोड-एसडब्ल्यू’ या कमांडला पर्याय दिले गेले. ‘ओव्हरराइट’ जुन्या इमेजच्या जागी नवी बसवतो. त्याच्या जोडीला ‘सेफ’ दिलं तर नवी पूर्ण उतरल्यावरच जुनी जाते. ‘लीव्ह-ओल्ड-एसडब्ल्यू’ दोन्ही ठेवतो आणि जागा नसेल तर काम तिथेच थांबवतो. सगळी सुरक्षितता या क्रमात आहे. जुनी पुसली, नवी अर्धी उतरली आणि वीज गेली, तर बूट करायला काहीच उरत नाही.

मग उरते ती कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी तार. २९६० वर मोड बटण दाबून धरत वीज द्यायची, ‘स्विच:’ असा प्रॉम्प्ट आला की ‘फ्लॅश_इनिट’ने फ्लॅश तयार करायची, आणि एक्समोडेम या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने इमेज पाठवायची. ९६०० बॉड या तारेच्या नेहमीच्या वेगाला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. ८ एमबीला अडीच तास. ‘सेट बॉड ११५२००’ केलं की तेच काम पाव तासाच्या आत उरकतं. फक्त शेवटी बॉड परत ९६०० वर आणायचा, नाहीतर पुढच्या माणसाला स्क्रीनवर कचरा दिसतो आणि स्विचच बिघडला असं त्याला वाटतं.

नेटवर्कवरून इमेज आणायचं नेहमीचं वाहन टीएफटीपी. फाइल पाठवायचा हा साधा प्रोटोकॉल १९८१ चा, सुधारित रूप १९९२ चं. पासवर्ड नाही, ५१२ बाइटचा एक ठोकळा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं. ठोकळ्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून मूळ नियमाने ३२ एमबीला मर्यादा संपते. ठोकळा जाऊन पोच यायला ५० मिलिसेकंद लागणाऱ्या लिंकवर वेग पडतो सेकंदाला १० केबी. १० एमबीच्या इमेजला सतरा मिनिटं चालून जायची; ४०० एमबीच्या इमेजला अकरा तास लागतील. मोठा ठोकळा ठरवायची सोय १९९५ मध्ये आली, पण आता एससीपी (एन्क्रिप्ट करून फाइल कॉपी करायची पद्धत) किंवा पेन ड्राइव्हच बरा. एफटीपी हा दुसरा प्रोटोकॉल बायनरीऐवजी टेक्स्ट मोडमध्ये राहिला की फाइल मुकाट्याने बिघडते. म्हणून रीलोडआधी ‘व्हेरिफाय’ने हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढून सिस्कोच्या पानावरच्या आकड्याशी ताडायचा. ही पायरी गाळणाऱ्याला माफी नाही.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा जुना मंत्र २०१८ मध्ये महागात पडला. स्मार्ट इन्स्टॉल ही सोय नव्या स्विचवर दुरूनच इमेज आणि कॉन्फिग (स्विचच्या सेटिंगची फाइल) चढवायची, तीही ओळख न विचारता, टीसीपी पोर्ट ४७८६ वर. एप्रिलमध्ये याच दारातून इराण आणि रशियातले कितीतरी स्विच पुसले गेले. अपग्रेड सोपं करायची सोयच भोक ठरली. गरज नसेल तिथे आजही ती बंद करणारं ‘नो व्हीस्टॅक’ हवंच.

दरम्यान मोठ्या चासींवर दोन सुपरवायझरांच्या जोरावर चार टप्प्यांचं आयएसएसयू, म्हणजे सेवा चालू ठेवून अपग्रेड, आलं: लोड, रन, अ‍ॅक्सेप्ट, कमिट. ४५ मिनिटांत अ‍ॅक्सेप्ट केलं नाही तर स्विच आपणहून जुन्या इमेजवर परततो. मुदत देऊन परतायची ही कल्पना पुढे आयओएस एक्सई या आयओएसच्या नव्या अवताराने लहान स्विचलाही दिली. २०१३ च्या ३८५० पासून इमेज सुट्ट्या पॅकेजांत उलगडते आणि ‘पॅकेजेस.कॉन्फ’ या फाइलमध्ये कोणती चालवायची त्याची यादी असते. अ‍ॅड नवी पॅकेजं जुन्यांशेजारी ठेवतं, अ‍ॅक्टिव्हेट रीलोड करतं, कमिट शिक्का मारतं. तोवर ‘शो इन्स्टॉल समरी’मध्ये यू (अनकमिटेड) दिसतो, नंतर सी (कमिटेड). तिन्ही शब्द एकाच ओळीत लिहिले की ती परतीची मुदत हातची जाते.

जुन्या सवयी इथे नडतात. ‘बूट सिस्टम’ या सेटिंगमध्ये थेट बिन फाइलचं (न उलगडलेल्या इमेजचं) नाव लिहिलं की स्विच बंडल मोडमध्ये, म्हणजे सुट्ट्या पॅकेजांऐवजी त्या एकाच फाइलवरून, उठतो आणि इन्स्टॉलच्या कमांड अडतात, तिथे पॅकेजेस.कॉन्फच हवं. जागेसाठी पॅकेजं हाताने पुसायची नाहीत, ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनअ‍ॅक्टिव्ह’ वापरायचं, आणि तेही नवं सॉफ्टवेअर काही दिवस नीट चालल्यावर, कारण रोलबॅकला, म्हणजे मागे परतायला, ती जुनी पॅकेजंच लागतात.

एक तुकडा मात्र अजून परतीच्या वाटेवर नाही. नव्या आवृत्तीवर पहिल्यांदा उठताना बूटलोडर (वीज येताच आयओएस उठवणारा छोटा प्रोग्रॅम) स्वतः अपग्रेड होऊ शकतो, पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या) कंट्रोलरचा मायक्रोकोडही बदलू शकतो. कन्सोल बराच वेळ गप्प राहतो आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी हात वीजेच्या केबलकडे जातो. लिहिणं चालू असताना वीज गेली तर बूटलोडर खराब होऊ शकतो, म्हणून यूपीएसवर नसलेला रॅक त्या रात्री घ्यायचाच नाही. नंतर आयओएस जुन्या आवृत्तीवर नेलं तरी बूटलोडर नवाच राहतो.