तापमानाच्या जागी प्रश्नचिन्ह: स्टँडर्ड लायब्ररी कुठे आणि कशी कमी पडते

आर्डुइनो ऊनो बोर्डाला तापमानाचा सेन्सर जोडला, २८.४७ हा आकडा स्प्रिंटएफने (प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनचाच भाऊ, जो मजकूर पडद्याऐवजी मेमरीत तयार करतो) ओळीत बसवला आणि सिरियल मॉनिटरवर आकड्याच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह उमटले. कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, चूक दाखवलेली नाही, सेन्सर ठीक आहे, वायरीही ठीक आहेत. स्प्रिंटएफची तीच ओळ लॅपटॉपवर चालवली की २८.४७ व्यवस्थित छापून येतो. उणीव आहे ती सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत, आणि ती तिथे जाणूनबुजून ठेवलेली आहे.

कंपायलर ओळखतो ती भाषा: चल, अटी, लूप. छापणे, मेमरी मागणे, वर्गमूळ काढणे, वेळ विचारणे ही कामे लायब्ररीची, म्हणजे तयार फंक्शन्सच्या संचाची. कोणती फंक्शन्स असावीत आणि त्यांनी कसे वागावे, हे एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या १९८९च्या स्टँडर्डपासून लिखित स्वरूपात ठरलेले आहे. पण कागदावरचे ते नियम प्रत्यक्षात आणणारे गट निरनिराळे आहेत. जीसीसी हा एकच कंपायलर घ्या. ऊनोवर त्याच्यासोबत एव्हीआर-लिबसी असते, एसटीएम३२ मालिकेच्या चिपवर बहुधा न्यूलिब, उबुंटूवर जीलिबसी आणि अल्पाइन लिनक्सवर मसल. प्रिंटएफ हे नाव चारही ठिकाणी तेच, आतला कोड मात्र चार निरनिराळ्या गरजांसाठी लिहिलेला.

ऊनोच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट मेमरी असते. बायनरी अपूर्णांकाचे दशांश आकड्यांत रूपांतर करणारा कोड साधारण दीड किलोबाइट जागा खातो. म्हणून एव्हीआर-लिबसीमध्ये प्रिंटएफच्या तीन आवृत्त्या आहेत: किमान, नेहमीची आणि अपूर्णांकांसह. आपण काही सांगितले नाही तर नेहमीची जोडली जाते आणि ती अपूर्णांकाच्या जागी प्रश्नचिन्ह छापते. पूर्ण आवृत्ती हवी असेल तर जोडणीच्या टप्प्यावर लिंकरला (कोडचे तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) तसे पर्याय द्यावे लागतात. बरेच जण त्याऐवजी डीटोस्ट्रएफ हे अपूर्णांकाचा मजकूर करणारे फंक्शन वापरतात. ते उत्तम चालते, पण ते स्टँडर्डचा भाग नाही. कोड दुसऱ्या बोर्डावर नेल्यावर ते सापडेलच याची खात्री नाही.

ही अडचण त्यातल्या त्यात बरी म्हणायची, कारण प्रश्नचिन्ह निदान दिसते. न्यूलिबची 'नॅनो' ही छोटी आवृत्ती अपूर्णांकाच्या जागी काहीच छापत नाही. 'तापमान' हा शब्द येतो आणि पुढे कोरी जागा. एसटीएम३२ चिपसाठीच्या एसटीएम३२क्यूब-आयडीई या प्रोग्रॅमिंग साधनात यासाठी प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये चौकट दिलेली आहे. ती टिचकावली की अपूर्णांकांचा कोड जोडला जातो आणि प्रोग्रॅम काही किलोबाइटने फुगतो.

न्यूलिब नव्या चिपवर नेण्याची पद्धत मोठी देखणी आहे. सगळी लायब्ररी शेवटी डझन-दीड डझन छोट्या फंक्शन्सवर उभी असते: राइट, रीड, क्लोज, एफस्टॅट, आयझॅटी, एलसीक, एसबीआरके वगैरे. ती आपण लिहून दिली की प्रिंटएफपासून मेमरी मागणाऱ्या मॅलॉकपर्यंत सारे चालू होते. राइटमध्ये मिळालेले बाइट यूआरटीवरून (चिपच्या सिरियल जोडणीवरून) बाहेर पाठवायचे. एसबीआरकेमध्ये मॅलॉकसाठी मेमरीची हद्द पुढे सरकवायची, आणि ती वरून खाली येणाऱ्या स्टॅकला (फंक्शन्सच्या तात्पुरत्या चलांच्या मेमरीला) भिडत नाही ना, हे तिथेच तपासायचे. ही तपासणी वगळलेला कोड सर्रास आढळतो. तो बरेच दिवस सुरळीत चालतो आणि एके दिवशी भलत्याच चलातली किंमत बदलते.

राइट लिहिलाच नाही तर लिंकर नाव घेऊन तक्रार करतो, आणि तेच योग्य आहे. पण ती तक्रार बंद करायला 'नोसिस' नावाचे पोकळ पर्याय जोडले, तर प्रोग्रॅम तयार होतो आणि छापलेले सारे हवेत विरते. आणखी एक गफलत नेहमीची: ओळ संपल्याची खूण मिळेपर्यंत लायब्ररी मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवते. राइट अचूक लिहूनही पडदा कोरा राहिला, तर ओळीच्या शेवटी ती खूण द्या किंवा तो साठा लगेच बाहेर पाठवणारे एफफ्लश बोलवा.

स्टँडर्डनेही दोन दर्जे मान्य केले आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या 'होस्टेड' यंत्रणेवर पूर्ण लायब्ररी हवी, तर 'फ्रीस्टँडिंग' म्हणजे उघड्या चिपवर मोजक्या हेडर फाइल (फंक्शन्सची ओळख कंपायलरला देणाऱ्या फाइल) पुरतात. प्रिंटएफ नसला तरी चालते. मात्र जीसीसीला मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही मेमरी नकलणारी, भरणारी आणि ताडणारी चार फंक्शन्स तिथेही लागतात. एक स्ट्रक्चर दुसऱ्यात भरले की कंपायलर स्वतःहून मेमसीपीवायला बोलावू शकतो. कोडमध्ये कुठेही न लिहिलेल्या नावावरून लिंकर अडला, तर कारण हे असते.

मोठ्या संगणकांवर सगळे आलबेल असते असेही नाही. सी++ या सीवरून निघालेल्या भाषेच्या सी++११ स्टँडर्डमध्ये रेगेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याची सोय, आले. जीसीसी ४.८मध्ये त्याचे हेडर होते आणि कोड विनातक्रार कंपाइल व्हायचा, पण साधा नमुनाही चालवताना फसायचा, कारण आतले काम अपुरे होते. खरी अंमलबजावणी २०१४च्या ४.९मध्ये आली. फंक्शन नसणे परवडते, कारण ते कंपाइल करतानाच कळते. नावापुरते असलेले फंक्शन त्याहून कितीतरी धोकादायक. हेडर सापडले म्हणजे सोय आहे, असे मानणाऱ्या तपासणीवर म्हणूनच विसंबू नये. छोटा प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून उत्तर पडताळावे.

मराठी मजकुराबाबत तर हे फारच जाणवते. शब्दांची क्रमवारी लावायला स्टँडर्डमध्ये स्ट्रकॉल आहे. त्याने भाषेच्या रिवाजानुसार तुलना करणे अपेक्षित असते, पण मसलमध्ये तो नुसते बाइट ताडून पाहतो. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'नंतर आणि 'व'च्या आधी येतो, म्हणून 'कळ' 'कवच'च्या आधी लागतो. मराठी कोशात 'ळ' 'ह'नंतर येतो, म्हणजे क्रम नेमका उलटा. तांत्रिकदृष्ट्या मसलने नियम मोडलेला नाही, कारण कोणत्या भाषेचे रिवाज पुरवायचे हे स्टँडर्डने लायब्ररीवरच सोडले आहे. मराठी याद्या लावणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मात्र ही सोय अपुरीच. तिथे भाषावार नियम बाळगणारी आयसीयूसारखी वेगळी लायब्ररी घ्यावी. प्रिंटएफची रुंदीही बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, त्यामुळे 'मराठी'ची ५ चिन्हे १५ बाइट भरतात. मजकूर १० बाइटवर तोडायला सांगितला, तर तीन चिन्हे आणि चौथ्याचा तुकडा हाती लागतो.

तापमानावर सर्वत्र चालणारा उपाय पूर्णांकांचा. २८.४७ ऐवजी २८४७ साठवा. छापताना १०० ने भागून आलेला भागाकार, मग टिंब, मग दोन अंकी बाकी. एक खड्डा टाळायचा: उणे ०.३५ म्हणजे उणे ३५. त्याला १०० ने भागले की भागाकार शून्य आणि बाकी उणे ३५, आणि पडद्यावर '०.-३५' असे विचित्र काहीतरी येते. म्हणून आधी चिन्ह वेगळे छापा, मग संख्या धन करून भाग द्या. चाचणीत उणे ०.०५, ०, ९.०५ आणि ९९.९९ या चार किमती जरूर घ्या. दशांशानंतरचा शून्य गळतो की नाही, तेही त्यातच कळते.