स्टीमपंक पोशाखांच्या शिवणकामामागचा इतिहास

कोटावर पितळी दातेरी चाके चिकटवली, टोपीवर गॉगल चढवला आणि कमरेला चामडी पट्टा आवळला की स्टीमपंक पोशाख तयार झाला, असा समज सर्रास आढळतो. वाफेची यंत्रे हीच जगाची मुख्य शक्ती राहिली असती तर भविष्य कसे दिसले असते, या कल्पनेवर उभ्या असलेल्या या साहित्यप्रकाराला १९८७ साली अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी एका पत्रातून हे नाव दिले, आणि पुढील दोन दशकांत ते साहित्यातून वेशभूषेत उतरले. या वेशभूषेचा आधार म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या (१८३७ ते १९०१) आणि सातव्या एडवर्डच्या (१९०१ ते १९१०) राजवटीतील कपडे. एडवर्डियन काळ मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत ताणला जातो. हे कपडे मुळातच यंत्रयुगाची निर्मिती होते. त्यांच्या शिवणींत, पोलादी पट्ट्यांत आणि रंगांत जे यंत्र दडलेले आहे ते ओळखले, तर वरून चाके चिकटवण्याची गरज उरत नाही.

प्रथम शिवणयंत्राविषयी. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैनिकी गणवेश शिवण्यासाठी अशी सुमारे ८० यंत्रे बसवली. परंतु पोट हातावर असलेल्या शिंप्यांच्या जमावाने १८३१ मध्ये ती मोडून टाकली. त्यानंतर अमेरिकेत एलायस होव यांनी १८४६ मध्ये दोन धाग्यांच्या टाक्याचे आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट मिळवले. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तासांहून अधिक वेळ लागे, तो यंत्रावर सव्वा तासाच्या आसपास शिवून होई, असे त्या काळच्या एका यंत्र-कंपनीचे हिशेब सांगतात. वाचलेला हा वेळ शिवणाऱ्या बायकांच्या विश्रांतीत गेला नाही. तो झालरींत, चुण्यांत आणि गोटांत गेला, कारण जे हाताने करणे परवडत नव्हते ते आता शक्य झाले. १८६३ च्या जूनमध्ये लंडनमधील एका उंची शिवणगृहात मेरी अ‍ॅन वॉकली ही वीस वर्षांची कामगार, राजघराण्यातील नववधूच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभाचे झगे पुरे करताना सलग साडेसव्वीस तास काम करून मरण पावली, आणि त्या बातमीने इंग्लंड हादरले. या झग्यांची भव्यता पुन्हा उभी करताना तिच्यासारख्यांच्या श्रमांचे स्मरण ठेवणे मला अगत्याचे वाटते.

पोलादाची कथाही याच काळातली आहे. घेरदार घागऱ्याला फुगवटा यावा म्हणून स्त्रिया पूर्वी घोड्याच्या केसांनी ताठ केलेले आणि खळ दिलेले अनेक परकर एकावर एक नेसत असत. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यासारख्या क्रिनोलिनचे पेटंट निघाले आणि त्या परकरांचे ओझे एका हलक्या सांगाड्याने उतरवले. कॉर्सेटमध्ये, म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ अंतर्वस्त्रामध्ये, बदल आधीच सुरू झाला होता. १८२८ मध्ये नाडी ओवण्याच्या छिद्रांत बसवायच्या धातूच्या कड्यांचे पेटंट झाले, त्यामुळे नाडी जोराने आवळली तरी कापड फाटेनासे झाले. आणि लगेच पुढच्या वर्षी समोरून उघडणारी दोन भागांची धातूची पट्टी आली, जिच्यामुळे बाईला दुसऱ्याच्या मदतीशिवाय कॉर्सेट चढवता-उतरवता येऊ लागले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस एडविन आयझॉड यांनी तर खळ दिलेले कॉर्सेट वाफेने तापवलेल्या, धडाच्या आकाराच्या तांब्याच्या साच्यावर वाळवून त्याला आकार देण्याची पद्धत काढली. वाफ आणि वस्त्र यांचा इतका प्रत्यक्ष संबंध कोणत्याही कल्पनाकथेत सापडणे कठीण आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र स्टीमपंकने स्वतःवर एक अनाठायी बंधन घालून घेतले आहे. तपकिरी, करडा आणि चॉकलेटी या छटांचा आग्रह जुन्या छायाचित्रांच्या पिवळसर रंगातून आलेला दिसतो. प्रत्यक्षात विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला १८५६ मध्ये क्विनाइन बनवण्याच्या प्रयत्नात डांबरापासून जांभळा रंग सापडला, राणी व्हिक्टोरियाने १८५८ मध्ये मुलीच्या लग्नात तोच रंग परिधान केला, आणि पाठोपाठ किरमिजी, निळे, हिरवे असे भडक रासायनिक रंग बाजारात आले. गर्द जांभळ्या रेशमाला काळी लेस लावलेला झगा हा त्या काळाशी अधिक प्रामाणिक आहे.

शिवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या दशकाची बाह्यरेषा हवी आहे, हे आधी ठरवणे. १८६० च्या दशकाच्या शेवटी घागऱ्याचा फुगवटा मागे सरकला आणि बसलचा, म्हणजे घागऱ्याला मागून फुगवटा देणाऱ्या आधाराचा, पहिला काळ सुरू झाला. १८७६ च्या सुमारास तो ओसरून अंगासरशी, नितंबांपर्यंत घट्ट उतरणारी चोळी आली. १८८३ पासून बसल पुन्हा, पण आता फडताळासारखा आडवा, परतला. आणि १८९० च्या दशकात सारा फुगवटा बाह्यांमध्ये गेला. बसलच्या घागऱ्यात पुढच्या बाजूला सपाट बसणाऱ्या तिरप्या कळ्या असतात, मागे सरळ पन्ने चुणून घेतलेले असतात, आणि वरच्या घागऱ्याचे ते डौलदार फुगे आतून बांधलेल्या नाड्यांनी धरलेले असतात. नाडी सोडली की फुगाही उतरतो. चोळीचा प्रत्येक तुकडा आधी सुती अस्तरावर टाचून मग दोन्ही मिळून एकाच कापडासारखे जोडले जात, पाठीच्या शिवणी वक्र असत, आतल्या शिवणींवर बारीक नेफे शिवून त्यांत व्हेलच्या टाळूच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या घातल्या जात, आणि आतल्या बाजूस असलेला कमरेचा पट्टा हुकाने लावल्यावर सारी चोळी जागच्या जागी राही. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, आजच्या तुलनेत बराच उंच व लहान बेतलेला असे. हात उचलल्यावर चोळी वर का सरकत नाही, याचे उत्तर त्या मुंढ्यात आहे, आणि आधुनिक बेतावर (कापड कापण्याच्या नमुन्यावर) केवळ लेस लावून शिवलेला पोशाख फसतो तोही तिथेच.

म्हणून कामाचा क्रम आतून बाहेर जातो. शमीज (अंगालगतचे सैल वस्त्र) आणि कॉर्सेट आधी, त्यानंतर बसल व परकर, आणि ही सर्व वस्त्रे अंगावर चढवून घेतलेल्या मापांवरच वरचा झगा बेतायचा. भारी कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा नमुना शिवून पाहणे हे या कामात टाळता येण्यासारखे नाही. चेनचा वापर तेव्हा कपड्यात नव्हता. हूक, बटणे, नाड्या आणि १८८५ नंतर प्रेसबटण एवढीच साधने होती.

एडवर्डियन कपडे अधिक मऊ आहेत. पोट सपाट आणि छाती पुढे ठेवणारे सरळ पट्टीचे कॉर्सेट, त्यावर बारीक टक्स व लेसच्या पट्ट्या गुंफलेले पांढरे मलमल, आणि कार्यालयांत टंकलेखन करणाऱ्या मुलींचा ब्लाउज-स्कर्ट, ही या काळाची ओळख आहे. गॉगलचे मूळही याच काळात सापडते, कारण उघड्या मोटारी चालवणारे लोक धुळीपासून वाचण्यासाठी गॉगल आणि लांब सुती अंगरखे घालत. साहसी स्त्रीला विजार घालायची असेल, तर तिलाही इतिहासाचा आधार आहे: १८८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीने दुभागलेल्या घागऱ्याचा पुरस्कार केला आणि अंतर्वस्त्रांचे वजन ७ पौंडांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले, तर १८९० च्या दशकातील सायकलीने ढगळ विजारी रस्त्यावर आणल्या.

कॉर्सेट बाहेरून घालण्याची स्टीमपंकची पद्धत मात्र पूर्णपणे विसाव्या शतकाची आहे. तिचे श्रेय मुख्यतः पंक आणि गॉथ फॅशनला आणि १९८७ च्या संग्रहात कॉर्सेट वरवस्त्र म्हणून मांडणाऱ्या ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांना जाते. जुन्या कपड्यांचे बेत आज घरबसल्या उपलब्ध असण्यामागे दोन गोष्टी आहेत. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये मापांनुसार कागदी बेत विकायला सुरुवात केली, आणि जॅनेट आर्नल्ड यांनी १९६० च्या दशकात संग्रहालयांतील खरे कपडे आतून-बाहेरून मोजून त्यांचे बेत रेखाटले. आर्नल्ड यांच्या कामाचे मोल शब्दांत सांगणे अवघड आहे. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात स्टीमपंकचे प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील लिंकन शहरात स्टीमपंकचा वार्षिक महोत्सव सुरू झाला, तेव्हा हे ज्ञान वापरणारी पिढी तयार होती.

या इतिहासात महाराष्ट्राचाही धागा आहे. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे गेला, आणि त्या वर्षांतील कितीतरी इंग्रजी अस्तरे व परकर या मातीतल्या कापसाचे असणार. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये, बसलची फॅशन ऐन भरात असताना, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांनी जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींसोबत छायाचित्र काढून घेतले, ते साडी नेसून. मराठी स्टीमपंक पोशाख शिवू पाहणाऱ्याला लंडनच्या उमरावांकडे वळण्याआधी त्या छायाचित्रापासून सुरुवात करता येईल.