मनोविकार आणि संगीत रंगभूमी

मनोविकार जडलेल्या माणसाची, त्याच्या घरच्यांची आणि त्यातून सावरण्याची गोष्ट मुख्यतः गाण्यातून सांगणारा नाट्यप्रकार. गद्य नाटकात भास किंवा घालमेल शब्दांत समजावून सांगावी लागते. संगीतात ती कानावरच येते: एक ओळ सुटता सुटत नाही, सम हुकते, दोन आवाज एकमेकांवर चढतात.

या विषयाशी ठाणे शहराचे नाते दुहेरी आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. मुंबईत कोणी जरा विचित्र वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ हा शेरा ठरलेलाच, आणि ठाणेकरही तो हसून ऐकून घेत आले. दुसरीकडे मासुंदा तलावाकाठच्या रंगायतनाला (१९७८) नाव आहे राम गणेश गडकरी यांचे, आणि मनाच्या आजाराचे मराठी संगीत नाटक म्हणून पहिला विचार त्यांच्याच ‘एकच प्याला’चा (१९१९) करावा लागतो.

व्यसनाला आजार म्हणण्याची तेव्हा रीत नव्हती. तरी नायक सुधाकराची दारूपायी होणारी घसरण रोगाच्या चढत्या पायऱ्यांनी लिहिलेली आहे. वकिलीची सनद काही काळ रद्द होते, अपमान गिळवत नाही, तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुढे दारू सोडण्याचा निश्चय होतो आणि बाहेरच्या जगात मानहानी झाल्यावर तोही ढासळतो. पुनःपतनाचे हे चित्र आजच्या समुपदेशकालाही ओळखीचे वाटावे. लोकांच्या ओठी मात्र त्याच्या बायकोची, सिंधूची पदे राहिली. विठ्ठल सीताराम गुर्जर यांची रचना, बालगंधर्वांचा गळा. ‘कशि या त्यजूं पदाला’ म्हणत ती नवऱ्याला सोडून जायचे नाकारते. हा निर्णय तिचा की संस्कारांचा, याचा निकाल नाटक देत नाही. आजाऱ्याच्या वाट्याला स्वगते आली आणि सोसणारीच्या वाट्याला सूर.

ब्रॉडवेवरील ‘नेक्स्ट टू नॉर्मल’ने (२००९, संगीत टॉम किट, शब्द ब्रायन यॉर्की, २०१० चे पुलित्झर पारितोषिक) ही वाटणी मोडली. द्विध्रुवी विकार (उन्माद आणि नैराश्य यांचे आलटून पालटून झटके) असलेली डायना स्वतः गाते. तान्हेपणीच गेलेला तिचा मुलगा मोठा होऊन रंगमंचावर वावरतो, गातो. तो भास आहे हे प्रेक्षकाला लगेच कळत नाही. विद्युतोपचारानंतर (मेंदूला विजेचे झटके देण्याच्या उपचारानंतर) तिची स्मृती पुसली जाते. अखेर ती डॉक्टरही सोडते आणि घरही. औषध सोडणे म्हणजेच स्वातंत्र्य, असा अर्थ येथे काढू नये. पण नाटक त्या अर्थाच्या फार जवळून जाते, हा त्याचा कच्चा दुवा.

ठाण्यातच १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ आणि नाटककार डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था उभी केली. दवाखाना आणि नाटक एकाच माणसाच्या हाती असणे तसे विरळाच.

रुग्णाच्या स्वायत्ततेला भारतात आधार मिळाला तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मुळे. भूल न देता विद्युतोपचार करण्यास त्याने बंदी घातली. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही दिला. दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे आजचा सुधाकर शुद्धीवर असताना असा कागद करू शकतो आणि आपला प्रतिनिधी म्हणून सिंधूऐवजी दुसऱ्या कोणाही सज्ञान व्यक्तीला नेमू शकतो.